तळाची पट्टी आणि पानांची चळत

घरातला मोबाईल दोन मिनिटे मागून घ्या आणि त्यातले घड्याळाचे अ‍ॅप उघडा. बहुतेक फोनांत पडद्याच्या तळाशी तीन-चार चित्रांची एक पट्टी दिसेल : गजर, जगातील वेळा, स्टॉपवॉच, टायमर. स्टॉपवॉच सुरू करा. ते धावत असतानाच पट्टीवरील गजराच्या चित्राला बोट लावा, उद्या पहाटेचा साडेपाचचा गजर लावा आणि पुन्हा स्टॉपवॉचच्या चित्राला स्पर्श करा. स्टॉपवॉच धावतेच आहे. तुम्ही दुसरीकडे गेलात म्हणून त्याचे पान कोणी आवरून ठेवले नाही.

आता ते बंद करून सेटिंग्ज उघडा. येथे तळाशी पट्टी नाही. एक लांबलचक यादी आहे. यादीतील एका ओळीला बोट लावले की नवे पान येते आणि जुन्या पानाला झाकून टाकते. त्यातील एखाद्या ओळीला बोट लावले की आणखी एक पान येते. असे तीन पाने आत गेलात, तर बाहेर यायला तीन वेळा मागे यावे लागते. मधले पान वगळून एकदम तिसऱ्या पानावर जाता येत नाही, आणि एकदा मागे आलात की सोडलेले पान गेलेच. ते पुन्हा हवे असेल तर पुन्हा आत जायचे.

या दोन मांडण्यांना अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या भाषेत नावे आहेत. पहिलीला टॅब बार म्हणतात, दुसरीला नॅव्हिगेशन. आयफोन २००७ साली बाजारात आला. बाहेरच्या लोकांनाही त्याच्यासाठी अ‍ॅप लिहिता यावीत म्हणून अ‍ॅपल कंपनीने मार्च २००८ मध्ये आपली साधने खुली केली. त्या साधनसंचात ‘टॅब बार कंट्रोलर’ आणि ‘नॅव्हिगेशन कंट्रोलर’ हे दोन तयार घटक पहिल्यापासून आहेत. कंट्रोलर म्हणजे पानांची ने-आण सांभाळणारा कारभारी. एक कारभारी पाने शेजारीशेजारी ठेवतो, दुसरा एकावर एक ठेवतो.

प्रश्न येतो तो दोघांची एकदम गरज पडली म्हणजे. बहुतेक मोठ्या अ‍ॅपना दोन्ही लागतात. मग कोणी कोणाच्या हाताखाली काम करायचे? पट्टी बाहेर आणि चळती तिच्या आत, की चळत बाहेर आणि पट्टी तिच्या आत? वरवर पाहता हा डब्यात डबा ठेवण्यासारखा किरकोळ प्रश्न वाटेल. पण एखाद्याने अर्धा तास खपून भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज जिवंत राहतो की नाहीसा होतो, हे या उत्तरावर अवलंबून असते. तेव्हा तो नीट सोडवू या, आणि त्यासाठी संगणकाची गरज नाही.

पत्त्यांचा प्रयोग

जुन्या लग्नपत्रिकांचे पोस्टकार्डाएवढे बारा-पंधरा तुकडे कापा. आपण शाळेच्या ग्रंथालयाचे एक कल्पित अ‍ॅप करणार आहोत. त्याला तीन टॅब आहेत : ‘पुस्तके’, ‘शोध’ आणि ‘माझी पुस्तके’. कागदाच्या एका अरुंद पट्टीवर ही तीन नावे लिहा आणि ती टेबलाच्या कडेला, तुमच्या जवळ, आडवी ठेवा. सध्या कोणता टॅब निवडला आहे हे दाखविण्यासाठी त्या नावावर एक रुपयाचे नाणे ठेवा.

आता पत्त्यांवर मजकूर लिहा. ‘पुस्तके’ या टॅबसाठी चार पत्ते : सर्व विषय, विज्ञान, खगोलशास्त्र, आणि चौथा पत्ता मागणीपत्राचा, ज्यावर नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक आणि मागणीचे कारण अशा चार रिकाम्या ओळी असतील. ‘शोध’साठी : शोधा, निकाल. ‘माझी पुस्तके’साठी : घरी नेलेली पुस्तके, परत करण्याची तारीख.

नियम तीनच आहेत. चळतीतला फक्त वरचा पत्ता दिसतो. पुढे जायचे म्हणजे नवा पत्ता वर ठेवायचा. मागे यायचे म्हणजे वरचा पत्ता उचलायचा आणि फाडून टाकायचा. हो, खरोखर फाडायचा. प्रयोगाचा सगळा जीव या फाडण्यात आहे. तळाचा पत्ता मात्र कधीच उचलायचा नाही.

पहिल्यांदा पट्टी बाहेर आणि चळती आत अशी मांडणी करा. प्रत्येक नावासमोर त्या टॅबची स्वतःची चळत, म्हणजे एकूण तीन चळती. ‘पुस्तके’च्या चळतीवर एकेक पत्ता चढवीत मागणीपत्रापर्यंत जा आणि पेन्सिलीने त्याच्या दोन ओळी भरा. इतक्यात शेजारच्या मित्राने विचारले, “अरे, तू नेलेले पुस्तक परत कधी करायचे आहे?” नाणे उचलून ‘माझी पुस्तके’वर ठेवा. तारखेचा पत्ता चढवा, तारीख वाचा, नाणे परत ‘पुस्तके’वर आणा. मागणीपत्र जिथल्या तिथे आहे. दोन ओळी भरलेल्या आहेत, दोन उरल्या आहेत. एकही पत्ता फाडावा लागला नाही.

आता उलटी मांडणी. टेबलावर एकच चळत ठेवायची. तिच्या तळाच्या पत्त्यावरच ती तीन नावांची पट्टी चिकटवा, कारण पट्टी आता चळतीच्या आत आहे. ‘पुस्तके’ निवडा आणि पुढे चला. दुसरा पत्ता ठेवताच पट्टी झाकली गेली! मागणीपत्रापर्यंत पोहोचून दोन ओळी भरल्या आणि मित्राने तोच प्रश्न विचारला. आता काय करणार? पट्टीला बोट लावायचे तर ती दिसली पाहिजे, आणि ती दिसण्यासाठी वरचे तिन्ही पत्ते उचलून फाडावे लागतील. त्यात मागणीपत्रही आले. मित्राच्या एका साध्या प्रश्नाची किंमत अर्धा भरलेला अर्ज.

यावर वर्गातला एखादा चतुर विद्यार्थी तोडगा सुचवील : चळत एकच ठेवा, पण पट्टी प्रत्येक पत्त्यावर छापा. करून पाहा. आता मागणीपत्रावरूनच ‘माझी पुस्तके’ला बोट लावता येते, पण त्यासाठी ते पान मागणीपत्राच्या डोक्यावरच ठेवावे लागते. परत ‘पुस्तके’ला बोट लावले तर ‘सर्व विषय’चे आणखी एक नवे पान त्यावर. दहा वेळा इकडून तिकडे केले की दहा पत्त्यांची रास जमते, आणि मग ‘मागे’ जाऊ लागलात तर आधीचा सगळा गोंधळ उलट क्रमाने एकेक करून पाहावा लागतो. मागणीपत्र हरवले नाही हे खरे, पण ते राशीत नेमके कितवे आहे हे कोण लक्षात ठेवणार?

चळतीची वंशावळ

या एकावर एक रचण्याला संगणकशास्त्रात स्टॅक म्हणतात. जो शेवटी आला तो आधी जाणार, हा त्याचा स्वभाव. मराठीत नाण्यांची किंवा ताटांची चळत आपण म्हणतोच, तोच शब्द येथे चपखल बसतो. ही कल्पना मोबाईलपेक्षा बरीच जुनी आहे. अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९४६ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपुढे एका नियोजित संगणकाचा आराखडा मांडला. एका कामातून दुसऱ्या उपकामात शिरताना परतीची जागा लक्षात कशी ठेवायची, हा प्रश्न त्याला पडला होता. त्याने त्यासाठी वापरलेल्या दोन शब्दांचा अर्थ होता ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’. जर्मनीत फ्रीड्रिख बावर आणि क्लाउस झामेलसन यांनी पुढे हेच तत्त्व पद्धतशीर मांडून १९५७ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी त्याला ‘तळघर’ या अर्थाचा जर्मन शब्द वापरला. एकाने पुरले, दुसऱ्यांनी तळघरात ठेवले! कल्पना मात्र एकच : परत यायचे असेल तर वाट उलट्या क्रमाने आठवली पाहिजे.

नॅव्हिगेशन कंट्रोलर हा अशा एका चळतीचा कारभारी. टॅब बार कंट्रोलरजवळ चळत नसते. त्याच्याजवळ असते ती एक यादी आणि त्या यादीतील निवडलेला क्रमांक. आपले नाणे म्हणजे तो क्रमांक.

स्थिती मोजू या

भौतिकशास्त्रात एखाद्या वस्तुसंस्थेची अवस्था सांगण्यासाठी किती स्वतंत्र राशी लागतात हे आपण आधी पाहतो. टेबलावरील मुंगीला दोन राशी पुरतात, खोलीत उडणाऱ्या माशीला तीन लागतात. अ‍ॅपलाही हाच प्रश्न विचारता येतो.

सोयीसाठी समजा, तिन्ही टॅबमध्ये चार-चार पायऱ्या आहेत. पट्टी बाहेर असताना अ‍ॅपची अवस्था सांगायला चार राशी लागतात : नाणे कोठे आहे, पहिली चळत किती उंच, दुसरी किती उंच, तिसरी किती उंच. शक्य अवस्था होतात ३ × ४ × ४ × ४ = १९२. उलट्या मांडणीत चळत एकच आहे. तिच्या तळाशी तीनपैकी कोणता टॅब निवडला होता आणि तिची उंची किती, एवढ्या दोनच राशी. म्हणजे अवस्था ३ × ४ = १२.

१९२ ला १२ ने भागा : १६ येतात, म्हणजे ४ × ४. हे सोळा कोठून आले? ज्या दोन चळती त्या क्षणी डोळ्यांना दिसत नसतात, त्यांच्या उंचींच्या जोड्या त्या. याचा अर्थ असा की उलट्या मांडणीत पडद्यावर दिसते तेवढेच अ‍ॅपला ठाऊक असते; दृष्टिआड झालेल्या कामाची आठवण ठेवायला त्याच्याजवळ जागाच नाही. माहितीच्या एककात सांगायचे तर सोळा पर्यायांसाठी चार बिट लागतात. डब्यांची अदलाबदल करताच नेमकी चार बिटांची स्मृती गेली. प्रोग्रॅमर कितीही हुशार असला तरी ज्या मांडणीत त्या राशीच नाहीत तिच्यातून तो त्या काढणार कोठून?

म्हणून नियम असा झाला : पट्टी सर्वांत बाहेर, आणि प्रत्येक टॅबच्या आत त्याची स्वतंत्र चळत. अ‍ॅपलच्या मार्गदर्शिकेत टॅब बार कंट्रोलर खिडकीच्या मुळाशी बसवावा असे सांगितले आहे, आणि नॅव्हिगेशन कंट्रोलरच्या चळतीवर टॅब बार कंट्रोलर चढवू नये असेही स्पष्ट म्हटले आहे. पुष्कळ नवशिके हा नियम पाठ करतात. पाठ करण्यापेक्षा एकदा मागणीपत्र फाडून पाहणे बरे.

प्रत्यक्ष अ‍ॅप लिहिताना क्रम साधारण असा असतो. आधी तीन तळाची पाने तयार करावीत. मग तीन नॅव्हिगेशन कंट्रोलर तयार करून प्रत्येकाच्या तळाशी एकेक पान द्यावे. या तीन कारभाऱ्यांची यादी करून ती टॅब बार कंट्रोलरच्या स्वाधीन करावी. शेवटी टॅब बार कंट्रोलरला खिडकीचा मूळ कारभारी नेमावे. कागदावर काढले तर हा एक उलटा वृक्ष होतो : वर खिडकी, तिच्याखाली पट्टीचा कारभारी, त्याच्याखाली तीन चळतींचे कारभारी, आणि त्यांच्याखाली पाने. पट्टीचा कारभारी पानांशी थेट बोलत नाही. तो फक्त आपल्या तिघा हाताखालच्यांना ओळखतो.

येथे एक गमतीची अडचण येते. तळाच्या पानाला ‘सर्व विषय’ असे नाव दिले की पडद्याच्या माथ्यावर ते नाव येते, आणि मधल्या कारभाऱ्यामार्फत तेच नाव खाली पट्टीवरही जाऊन बसते. पट्टीवर तर आपल्याला ‘पुस्तके’ हवे होते! यासाठी माथ्यावरचे नाव वेगळे आणि पट्टीवरचे नाव वेगळे द्यायची सोय आहे. ती वापरली नाही म्हणजे नवशिका तासभर डोके धरून बसतो.

जागेचा हिशेब

दोन्ही कारभारी आपापले भाडे घेतात, आणि ते पडद्याच्या जागेत घेतात. पहिल्या आयफोनचा पडदा ३२० रुंद आणि ४८० उंच ठिपक्यांचा होता. वरची वेळ-बॅटरीची पट्टी २० ठिपके, तिच्याखाली नावाची व ‘मागे’ची पट्टी ४४, तळाची टॅबपट्टी ४९. वजाबाकी करा : उरले ३६७. यादीची एक ओळ ४४ ठिपके उंच धरली, तर आठ ओळी आणि नवव्याचे डोके एवढे दिसते. उलट्या मांडणीत बाहेरच्या चळतीची एक नावपट्टी आणि आतल्या चळतीची दुसरी, अशा दोन नावपट्ट्या एकाखाली एक येण्याचा प्रसंग ओढवतो. मग ३२३ ठिपके उरतात आणि एक पूर्ण ओळ गेली. दुहेरी नावपट्टी दिसली की समजावे, कारभाऱ्यांचा क्रम कोठे तरी चुकला आहे.

रुंदीचेही तसेच. ३२० ठिपक्यांत पाच टॅब बसविले तर प्रत्येकी ६४ ठिपके येतात. बोटाला नीट लागण्यासाठी निदान ४४ ठिपके असावेत असे अ‍ॅपल सांगते, म्हणजे नुसत्या जागेचा विचार केला तर सातही बसतील. पण आयफोनवर पाचांहून अधिक टॅब दिले, तर ही पट्टी पहिले चार दाखवून पाचव्या जागी ‘अधिक’ असा टॅब स्वतःच घालते. माझ्या मते हे ‘अधिक’ म्हणजे अ‍ॅपची आखणी करणाऱ्याने निर्णय टाळल्याची पावती आहे.

पट्टी तळाशीच का, याला एक जुना प्रयोग उत्तर देतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स याने १९५४ साली दाखविले की एखाद्या लक्ष्यावर हात नेण्याची अवघडता अंतराच्या दुपटीला लक्ष्याच्या रुंदीने भागून त्याचा २ या पायाचा लॉगरिथम घेतल्यास मोजता येते. आंगठा तळाशी आहे असे धरा. १२८ ठिपके दूर असलेल्या ६४ ठिपके रुंद टॅबसाठी : २५६ भागिले ६४ म्हणजे ४, आणि त्याचा लॉगरिथम २. वरच्या कोपऱ्यातील ४८ ठिपक्यांच्या बाणासाठी, ३८४ ठिपके अंतरावर : ७६८ भागिले ४८ म्हणजे १६, लॉगरिथम ४. अवघडता दुप्पट! २०१३ साली आयफोनमध्ये पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट सरकवून मागे येण्याची सोय आली, तेव्हा आंगठ्याचा हा प्रवास वाचला.

हे ठिपक्यांचे आकडे पहिल्या फोनचे आहेत हे लक्षात ठेवा. पडदे आता पुष्कळ उंच झाले आहेत, आणि २०२५ च्या नव्या रूपात आयफोनची टॅबपट्टी काचेसारखी मजकुरावर तरंगते, तिच्याखालून पान सरकताना दिसते. भाडे कमी झाले, घरमालक तोच राहिला.

अनेक चळती ठेवल्या तर स्मृती अपुरी पडणार नाही का, अशी शंका तुम्ही काढाल. ती योग्यच आहे. ३२० × ४८० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका पूर्ण पानाच्या चित्राला ६,१४,४०० बाइट लागतात. २०२३ च्या आयफोन १५ चा पडदा ११७९ × २५५६ ठिपक्यांचा आहे, त्याचे एक चित्र सुमारे १२० लाख बाइटांचे होते. अशी दहा पाने पूर्ण रंगवून ठेवली, तर २००७ च्या आयफोनची सारी १२८ मेगाबाइट स्मृती जवळजवळ संपली असती. सुदैवाने झाकलेले पान रंगवून ठेवावे लागत नाही. त्यावर काय लिहिले होते एवढे आठवले की पुरे, रंग पुन्हा भरता येतो. शिवाय ज्या टॅबला तुम्ही अजून बोटच लावलेले नाही, त्याचे पान पहिल्यांदा बोट लागेपर्यंत तयारच होत नाही.

पट्टी लपविण्याचे प्रसंग

नियम कळला म्हणजे त्याचे अपवादही कळू लागतात. काही वेळा पट्टी मुद्दाम झाकायची असते. नवा गजर लावताना, नवी नोंद करताना खालून वर सरकत येणारे पान तुम्ही पाहिले असेल. त्याला मोडल पान म्हणतात. ते ना चळतीत असते ना यादीत. ते सगळ्यावर येते आणि ‘रद्द’ किंवा ‘जतन’ यांपैकी एक निर्णय मागते. मध्येच दुसरीकडे जाण्याची वाट बंद करणे हाच त्याचा हेतू. निरोपांच्या अ‍ॅपमध्ये एखाद्याशी संभाषण उघडले की तळाची पट्टी नाहीशी होते, कारण कळफलकाला जागा हवी असते. येथे पट्टी बाहेरच आहे, फक्त त्या पानापुरती बाजूला झाली आहे. चळत वरून उतरली की ती परत येते.

लॉगिनच्या पानाबाबत मात्र नेहमी घोटाळा होतो. अनेकांना वाटते, आधी लॉगिन, मग अ‍ॅप. तेव्हा लॉगिन चळतीच्या तळाशी ठेवावे आणि टॅबपट्टी त्यावर चढवावी. झाली की उलटी मांडणी! शिवाय ‘मागे’ म्हटले की माणूस पुन्हा दाराबाहेर. लॉगिन हे दार आहे, खोली नव्हे. ते मोडल पानाने पट्टीवर झाकावे, किंवा काम होताच खिडकीच्या मुळाशी असलेला कारभारीच बदलून टाकावा.

अँड्रॉइड फोनांत प्रश्न आणखी रंगतदार आहे, कारण तेथे ‘मागे’ ही खूण साऱ्या फोनची आहे, एका अ‍ॅपची नव्हे. गूगलच्या मार्गदर्शनात ‘वर’ आणि ‘मागे’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘वर’ कोठे जायचे हे तुम्ही कोणत्या पानावर आहात एवढ्यावरच ठरते. ‘मागे’ कोठे जायचे हे तुम्ही तेथे कोणत्या वाटेने आलात यावर ठरते. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हा भेद ओळखीचा वाटावा : गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा फक्त उंचीवर अवलंबून असते, घर्षणाविरुद्ध केलेले कार्य मात्र वाटेवर. अँड्रॉइडच्या नॅव्हिगेशन संचात प्रत्येक टॅबची चळत वेगळी जपण्याची तयार सोय २०२२ साली, २.४ या आवृत्तीत आली. तोवर प्रोग्रॅमर ही कसरत हाताने करीत. आणि त्याच वर्षी आयफोनच्या स्विफ्टयूआय या नव्या साधनात ‘नॅव्हिगेशन स्टॅक’ आला. त्यात चळत ही एक उघड यादी असते, प्रोग्रॅमर तिच्यात हवी ती पाने स्वतः घालू शकतो.

ही उघड यादी कोठे कामी येते? समजा, तुम्ही मागणीपत्र भरीत आहात आणि वरून सूचना आली : ‘तुमचे पुस्तक उद्या परत करायचे आहे.’ तिला बोट लावले. आता तारखेचे पान दाखवायचे, पण कोठे? मागणीपत्रावर ठेवले तर ते परक्या चळतीत गेले. नुसते ‘माझी पुस्तके’त एकटेच ठेवले तर त्याच्या मागे काहीच नाही, ‘मागे’ जाणार कोठे? उत्तर असे की नाणे ‘माझी पुस्तके’वर हलवायचे, आणि तेथील चळत खालून रचायची : आधी ‘घरी नेलेली पुस्तके’, तिच्यावर ‘परत करण्याची तारीख’. माणूस त्या वाटेने चालत आलेला नसतानाही त्याच्या मागे वाट तयार करून ठेवायची. ‘पुस्तके’च्या चळतीला हात लावायचा नाही, मागणीपत्र तेथे वाट पाहत आहे.

करून पाहा

१. एका अ‍ॅपला पाच टॅब आहेत आणि प्रत्येकात तीन पायऱ्या. दोन्ही मांडण्यांतील अवस्थांची संख्या काढा. उत्तरे १२१५ आणि १५ आली पाहिजेत. त्यांचा भागाकार ८१ का येतो, हे शब्दांत लिहा.

२. घरातील फोनमधील कोणतीही तीन अ‍ॅप घ्या आणि प्रत्येकाचा वृक्ष वहीत काढा. एका टॅबमध्ये दोन पाने आत जा, दुसऱ्या टॅबवर जाऊन परत या. पान जागेवर सापडले का? न सापडल्यास आपल्या प्रयोगातील तीन मांडण्यांपैकी ती कोणती असावी?

३. आयफोनवर, आधीच निवडलेल्या टॅबला पुन्हा बोट लावले तर त्याची चळत तळापर्यंत एकदम उतरते. मागणीपत्राच्या दोन ओळी भरलेल्या असताना चुकून ‘पुस्तके’ला बोट लागले, तर पाने लगेच उचलावीत की आधी विचारावे? विचारायचे ठरविले, तर काहीच न भरलेल्या मागणीपत्रासाठीही विचारायचे का? वर्गात दोन गट करून दोन्ही बाजूंनी वाद घाला. पत्ते जवळ ठेवा. वाद अडला की ते उपयोगी पडतील.